व्हायरस गेला, मग हृदयाची सूज कोण चालू ठेवतंय?

आतकरवाडी_रविवार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

वय ३६, राहणार धायरी, नोकरी हिंजवडीत, म्हणजे रोजचे तीन तास रस्त्याला वाहिलेले. व्यसन एकच, रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड. वर जाऊन मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी, नऊच्या आत खाली.

ऑगस्टच्या शेवटी ऑफिसात सगळ्यांनाच ताप आणि जुलाब झाले. मलाही तीन दिवस १०१-१०२ ताप होता, मग उतरला. पुढच्या रविवारी अंग जड होतं, पण म्हटलं घाम निघाला की मोकळं वाटेल. अर्ध्या वाटेत छातीत कोणी ओला टॉवेल पिळावा तसं व्हायला लागलं. लिंबू सरबतवाल्या मावशींनी बसवलं, पाणी मारलं, आणि दोन अनोळखी कॉलेजच्या मुलांनी खांद्याला धरून मला खाली उतरवलं. त्या मुलांपैकी कोणी हे वाचत असेल तर, बाबांनो, जेवायला घालायचं राहिलंय.

हॉस्पिटलात ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) वाढलेलं. रात्रीच अँजिओग्राफी केली, रक्तवाहिन्या स्वच्छ. इकोमध्ये पंपिंग ४५ टक्के, म्हणजे हवं त्यापेक्षा कमी. तिसऱ्या दिवशी एमआरआय झाला, त्यात डाव्या कप्प्याच्या बाजूच्या भिंतीत बाहेरच्या अंगाने एक पांढरा पट्टा दिसला. निदान मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज. पाचव्या दिवशी घरी सोडलं. दोन गोळ्या चालू आहेत आणि सहा महिने ट्रेक बंद.

आता प्रश्न. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर दोन मिनिटांत म्हणाले, "व्हायरस बहुतेक गेलाय. आत्ता जी सूज आहे ती तुमच्याच इम्युनिटीची." आणि हातात दिलेल्या आहाराच्या कागदावर पहिलीच ओळ: 'रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे पदार्थ घ्यावेत.' म्हणजे ज्याने मारलं त्यालाच खुराक? घरी आई कोविडपासून गुळवेलीचा काढा करते, तो आता दिवसातून दोनदा समोर येतो. नाही म्हटलं तर डोळ्यांत पाणी.

शाळेत शिकलो होतो की अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. मग पहिल्या आठवड्यात आत नक्की कोण लढत होतं? आणि शत्रू गेल्यावरही ते थांबत का नाही? कोणी नीट समजावून सांगेल का? गूगल केलं की एकतर घाबरवतं नाहीतर च्यवनप्राश विकतं.

शुद्धतुपातला

गुळवेलीला अमृता म्हणतात ते उगाच नाही. आमच्या आत्याचा डेंग्यू चार दिवसांत पळाला. काढा सोडू नका. बाकी सगळं कंपन्यांचं अर्थकारण.

स्लाइडवाली_काकू

धागाकर्ते, आधी बोलणी खाऊन घ्या, मग उत्तर. ताप उतरून आठवडा झाला नाही आणि तुम्ही गड चढलात. हे पुण्यात फार आहे, 'घाम निघाला की बरं वाटतं.' कोणी शोधून काढलं देव जाणे.

मी पॅथॉलॉजिस्ट. ३१ वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून काढली, आता मोतीबिंदू काढून घेऊन कोथरूडला स्वस्थ बसले आहे. हृदयरोगतज्ज्ञ नाही, त्यामुळे तुमच्या गोळ्यांवर एक अक्षर बोलणार नाही.

एकदम गेलेल्या तरुण माणसाचं हृदय शवविच्छेदनानंतर आमच्या टेबलावर यायचं. बाहेरून बहुतेक वेळा काहीच वावगं नसे. स्लाइड करून भिंगाखाली घातली की गुलाबी स्नायूतंतूंच्या मधे निळ्या ठिपक्यांची दाटी. पंगतीत दोन पानांच्या मधे घुसून बसावं तशी. ते निळे ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींतली एक जात. ऐंशीच्या दशकात डॅलसमध्ये तज्ज्ञांनी बसून निकष ठरवले, त्याप्रमाणे आम्ही दोन गोष्टी बघायचो: दाहाच्या पेशी आहेत का, आणि त्यांच्या शेजारचा स्नायू मरतोय का. दोन्ही असल्या की रिपोर्टवर मायोकार्डायटिस लिहायचं आणि पुढची स्लाइड घ्यायची.

त्यामुळे माझ्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलं की हा लिम्फोसाइटचा आजार. आता कळतं की मला दिसायचे ते दुसऱ्या अंकातले नट. पहिला अंक केव्हाच होऊन गेलेला असायचा. तुमचा प्रश्न त्या पहिल्या अंकाबद्दल आहे, म्हणून एवढं लिहितेय.

शाळेत शिकलात ती अँटिबॉडीची फौज म्हणजे शिकून येणारी प्रतिकारशक्ती. ती त्या विशिष्ट विषाणूचा चेहरा पाठ करते, म्हणून वेळ लागतो. तिच्या आधीची एक असते, जन्मजात. तिला चेहरे ओळखता येत नाहीत. तिला फक्त वावगं काय ते कळतं.

वावगं कसं कळतं ते बघा. या आजारातला जुना मानकरी म्हणजे कॉक्सॅकी बी विषाणू. न्यूयॉर्क राज्यातल्या ज्या गावच्या मुलांत १९४८ च्या सुमारास हे घराणं पहिल्यांदा सापडलं, त्या गावाचंच नाव त्याला पडलं. पोटातून शिरतो, ताप-जुलाब करतो आणि कधीकधी हृदयाकडे वळतो, कारण हृदयाच्या पेशींवर त्याला बसेल असं कुलूप असतं. तुम्हाला झाला तो हाच होता असं मी म्हणत नाही. यादी मोठी आहे: पार्व्हो, अ‍ॅडिनो, इन्फ्लुएन्झा, कोविडसुद्धा. पण कॉक्सॅकीचा अभ्यास सर्वांत जास्त झालाय, म्हणून उदाहरण त्याचं.

याची जनुकं आरएनएची. पेशीत शिरून तो स्वतःच्या प्रती काढायला लागला की मधल्या टप्प्यात लांबलचक दुपेडी आरएनए तयार होतो. आपल्या पेशीत आरएनए असतो, पण एवढा लांब दुपेडी एरवी नसतो. घरात कोणाचेच केस लांब नाहीत आणि बाथरूमच्या दारामागे वेणीचं गंगावन लटकलेलं दिसलं, तर कोण आलंय हे न विचारता समजतं ना? तसं. हे गंगावन ओळखणारी प्रथिनं पेशीतच बसलेली असतात. एकाचं नाव एमडीए-५, दुसरं टोल-सारखं ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे खूण पकडणारं प्रथिन) क्रमांक ३, थोडक्यात टोल-३. (हा टोल खेड शिवापूरचा नव्हे. फळमाशीतल्या एका जनुकाला जर्मन शास्त्रज्ञांनी कौतुकाने 'टोल' नाव दिलं, ते चिकटलं. हॉफमन यांनी १९९६ साली माशीत त्याचं प्रतिकाराचं काम दाखवलं, बॉयटलर यांनी १९९८ साली उंदरात. २०११ च्या नोबेलमध्ये दोघेही होते.)

गंगावन सापडलं की पेशी इंटरफेरॉन सोडते. शेजारच्या पेशींना निरोप: दारं लावून घ्या, कारखाने बंद करा. हे सगळं तासांत होतं, दिवसांत नाही. पाठोपाठ एनके (नॅचरल किलर) पेशी येतात आणि बाधित पेशींना सरळ संपवतात. ज्या उंदरांत टोल-३ किंवा एमडीए-५ नसतं, त्यांच्या हृदयाचे हाल जास्त होतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात तुमच्यासाठी कोण लढत होतं, तर हे. विषाणूही भोळा नसतो. त्याच्याकडे प्रथिनं कापणारी कात्री असते. तिने तो पेशीतली धोक्याच्या घंटेची वायर कापतो, आणि स्नायूपेशीच्या आवरणाला आधार देणारं डिस्ट्रॉफिनही कापतो. हे १९९९ साली सिद्ध झालं. जन्मतःच डिस्ट्रॉफिन नसलेल्या मुलांचे स्नायू कसे ढासळत जातात ते मी पाहिलंय, त्यामुळे हे वाचलं तेव्हा पोटात गोळा आला होता.

आता तुमचा खरा प्रश्न. विषाणू गेल्यावर हे का थांबत नाही?

मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. अकरा भाडेकरू. काही इतके जुने की ते भाडेकरू आहेत हे मालकही विसरलेले. लग्नकार्यात त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. आपल्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचं अगदी तसं आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी ते स्वतंत्र जीवाणू होते, एका मोठ्या पेशीत राहायला आले आणि घरचेच झाले. वीज तेच पुरवतात. हृदयाची स्नायूपेशी तर जवळजवळ एक तृतीयांश या भाडेकरूंनीच भरलेली असते, कारण तिला जन्मभर एका क्षणाची सुट्टी नाही. पण त्यांचे जुने कागद अजून त्यांच्या ट्रंकेत आहेत: त्यांचा डीएनए जीवाणूंसारखा गोल, आणि जीवाणूंच्याच खुणा मिरवणारा.

वाडा उभा आहे तोवर या ट्रंका कोणी उघडत नाही. पण विषाणूने किंवा एनके पेशीने स्नायूपेशी फोडली की सगळं रस्त्यावर येतं. आणि गस्तीवरच्या पेशी ते कागद वाचतात. टोल-९ नावाचा ग्राहक म्हणतो, अरे, हा तर जीवाणू! शिवाय फुटक्या पेशीतून एटीपी हे पेशीचं इंधन सांडतं, केंद्रकातलं एचएमजीबी-१ नावाचं प्रथिन सांडतं. एरवी बाहेर कधी न दिसणाऱ्या या वस्तू, म्हणजे नासधुशीची वर्दी. त्या वर्दीवर आणखी पेशी येतात, त्यांच्या रसायनांनी आणखी स्नायू फुटतो, आणखी ट्रंका रस्त्यावर. विषाणू केव्हाच निघून गेलेला असतो आणि आपण आपल्याच भाडेकरूंना झोडपत असतो.

जंतू नसतानाही नुसत्या इजेने हे होतं, हे मेचनिकोव्हने १८८२ सालीच पाहिलं होतं. सिसिलीच्या किनाऱ्यावर बसून त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा खुपसला. सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा. त्याला त्यावरून पुढे १९०८ साली अर्धं नोबेल मिळालं. आपण मात्र शंभर वर्षं जंतूंकडेच बघत राहिलो.

तुमच्या ४५ टक्क्यांबद्दल एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला कोणी सांगितली नसणार. या गर्दीतून सुटणारी टीएनएफ, आयएल-१ ही रसायनं जिवंत स्नायूचंही आकुंचन मंद करतात. म्हणजे कमी झालेलं सगळं पंपिंग मेलेल्या स्नायूचं नसतं, बरंचसं नुसतं बधिर झालेलं असतं, आणि ते पुष्कळांचं परत येतं. एमआरआयमधला पट्टा मात्र वेगळा. त्यातला काही भाग पाणी धरल्याचा असतो, तो ओसरतो. काही वण म्हणून राहतो, कारण हृदयाचा स्नायू नव्याने जवळजवळ उगवतच नाही. पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का पेशी बदलतात, म्हातारपणी त्याच्याही निम्म्या. पट्ट्याच्या जागेवरूनच तुमचं निदान पक्कं झालं असणार. हार्ट अ‍ॅटॅकचा वण आतल्या अस्तराकडून सुरू होतो, या आजाराचा बहुधा बाहेरच्या अंगाला किंवा भिंतीच्या मधोमध.

आता तुम्ही म्हणाल, मग ही इम्युनिटी दाबून टाका. तेही झालंय करून. १९९५ साली अमेरिकेत १११ रुग्णांवर चाचणी झाली, स्टेरॉइड आणि जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. सरसकट फायदा झाला नाही. टीएनएफ अडवणारं औषध हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांना देऊन पाहिलं, २००३ साली निकाल आला, मोठ्या मात्रेत उलट नुकसान. कारण रस्त्यावर उतरलेल्या याच पेशी पुढे राडारोडाही उचलतात आणि भिंतही लिंपतात. सगळ्यांना घरी पाठवलं तर ते कोण करणार? काही विशिष्ट प्रकारांत मात्र स्टेरॉइड लागतातच आणि लवकर लागतात: जायंट सेल, इओसिनोफिलिक, सार्कॉइड, आणि कॅन्सरच्या काही नव्या इम्युनोथेरपीनंतर होणारा. ते ओळखायला हृदयाची बायोप्सी लागते, ती आपल्याकडे क्वचित होते. तुमचा प्रकार त्यातला वाटत नाही, पण ते तुमच्या डॉक्टरांचं काम.

आईंचा काढा. 'प्रतिकारशक्ती वाढवा' या वाक्याचा मला इतका राग येतो की टीव्हीवर लागलं की मी आवाज बंद करते. ती काय पाण्याची टाकी आहे, वाढवायला? तुमच्या हृदयात या घटकेला एक टोळी दंगा करतेय, दुसरी तो शमवतेय, तिसरी डागडुजी करतेय. यातली कोणती वाढवू? गुळवेल खाऊन यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले, आणि ती इजाही स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, हेही सांगते. वाद त्यांचा त्यांना लखलाभ. तुम्ही दोन गोळ्यांवर आहात आणि हृदय सुजलेलं आहे, तेव्हा सध्या काढा नको. आईंना सांगा, मुगाची खिचडी करा, तीत तूप घाला. प्रेम पोचतं.

हात दुखले.

पाषाणची_पीएचडी

काकू, दंडवत. दुपेडी आरएनएला गंगावन! माझ्या गाइडला सांगणार आहे. मी उंदरांच्या हृदयातल्या मॅक्रोफेजवरच, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशींवरच काम करते (उंदीर कॉलेजचे, हात माझे, रविवार कोणाचाच नाही), म्हणून थोडी भर आणि एक दुरुस्ती.

भर अशी की 'गस्तीवरच्या पेशी' म्हणून काकूंनी ज्यांना एका पंगतीत बसवलं, ती दोन वेगळी घराणी आहेत. एक घराणं आपण गर्भात असतानाच हृदयात येऊन राहतं आणि तिथेच आपली संख्या राखतं. हे खरे घरचे लोक. यांच्या सहवासात हृदयाचे ठोके पुढे जायलासुद्धा मदत होते, हे २०१७ साली उंदरांत दिसलं. आणि काकूंच्या भाडेकरूंबद्दल: धडधाकट हृदयातल्या स्नायूपेशीही आपले झिजलेले मायटोकॉन्ड्रिया पुडीत बांधून बाहेर टाकतात, आणि हे घरचे मॅक्रोफेज ते रोज उचलून नेतात. २०२० मधलं काम आहे. म्हणजे भंगारवाला रोज येतो म्हणून ट्रंका रस्त्यावर दिसत नाहीत.

दुसरं घराणं अस्थिमज्जेतून रक्तावाटे येतं, पाठीवर सीसीआर-२ नावाची खूण घेऊन. दाह झाला की हे लोंढ्याने येतात आणि जाळपोळ बहुतेक यांची. यांच्या पोटात इन्फ्लमासोम नावाची यंत्रणा जुळते आणि आयएल-१ बाहेर पडतं. त्यामुळे सध्या शोध असा चाललाय की दुसऱ्यांना अडवायचं आणि पहिल्यांना हात लावायचा नाही. उंदरांत जमतं. माणसांत अजून औषध नाही. आयएल-१ अडवणारं अ‍ॅनाकिन्रा फ्रान्समध्ये देऊन पाहिलं, २०२३ मध्ये निकाल आला, बऱ्यापैकी स्थिर रुग्णांत तरी ठळक फरक पडला नाही.

दुरुस्ती: टोल म्हटलं की सगळे एकाच बाजूचे असं नाही. टोल-३ काढला की उंदराचे हाल वाढतात, पण बऱ्याचशा टोलांचा निरोप पुढे नेणारं मायडी-८८ नावाचं प्रथिन काढलं तर कॉक्सॅकीचे उंदीर उलट जास्त जगतात. एकाच यंत्रणेची एक तार वाचवते, दुसरी मारते. म्हणून 'इम्युनिटी वाढवा' आणि 'इम्युनिटी दाबा' ही दोन्ही वाक्यं आमच्या लॅबमध्ये कोणी उच्चारत नाही.

आणि हो, नर उंदरांत हा आजार माद्यांपेक्षा जास्त जोरात होतो. माणसांतही तरुण पुरुषच जास्त. माझा भाऊ रोज जिममध्ये असतो, त्याला हा धागा पाठवलाय.

जागे_व्हा

एवढं रामायण कशाला? लस घेतली होती का ते विचारा. सगळं तिथेच आहे.

स्लाइडवाली_काकू

विचारते. पण आधी ऐका. लशीनंतर मायोकार्डायटिस होतो हे खरं आहे. एमआरएनए प्रकारच्या लशींनंतर, बहुतेक तरुण मुलांत, जास्त करून दुसऱ्या डोसनंतरच्या पहिल्या काही दिवसांत. २०२१ मध्ये आधी इस्रायलमधून बातम्या आल्या, मग बाकीच्यांनी तपासलं. क्वचित होतो आणि बहुतेक जण लवकर सावरले. आपल्याकडे बहुतेकांनी घेतली ती कोविशील्ड, आपल्या हडपसरजवळच्या मांजरी गावाच्या वाटेवर तयार झालेली, आणि ती एमआरएनए लस नाही. धागाकर्त्यांचा ताप-जुलाब यंदाच्या ऑगस्टमधला आहे. तुमच्या नावाप्रमाणे जागे असाल तर तारखा जुळवून बघा.

पर्वती_पुन्हा

मी या वाटेवरून गेलेली आहे, म्हणून लिहिते. २०१९, वय तेव्हा ४१, हाफ मॅरेथॉनची तयारी चालू होती. फ्लू झाला, पाच दिवसांनी लाँग रन केली, पुढचं तुमच्यासारखंच. फक्त मला छातीत दुखलं नाही, ठोके सैरभैर झाले. डॉक्टरांनी सहा महिने म्हटल्यावर मी भांडले होते. तेव्हा त्यांनी १९७० चा एक प्रयोग सांगितला. कॉक्सॅकी दिलेल्या उंदरांना रोज पोहायला लावलं, आणि त्यांच्या हृदयात विषाणू आराम करणाऱ्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त वाढला, मेलेही जास्त. मी त्या रात्री बूट माळ्यावर टाकले.

सहा महिन्यांनी एमआरआय, चोवीस तासांचं होल्टर (अंगाला लावून ठोके नोंदणारं यंत्र) आणि ट्रेडमिल, तिन्ही ठीक आल्यावर परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी पर्वती. १०३ पायऱ्या, चार ठिकाणी बसले. वरून जाणारे आजोबा म्हणाले, "पहिल्यांदाच का?" दोन वर्षांपूर्वी त्याच पायऱ्या मी सलग दहा वेळा करायचे. रडू आलं, हसूही. आता २१ किलोमीटर नाही, पण १० आरामात होतात. वण आहे तेवढाच आहे.

एक विचारा डॉक्टरांना: घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का, याची चौकशी त्यांनी केली का? माझ्या एका मामांची गोष्ट निघाली आणि माझी जनुकीय तपासणी झाली. काही घराण्यांत हृदयस्नायूंची जोडणी करणारी प्रथिनंच कच्ची असतात आणि आजार मायोकार्डायटिसचं सोंग घेऊन येतो. माझी निगेटिव्ह आली.

आतकरवाडी_रविवार

सगळ्यांचे आभार. काकू, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. अब्जावधी वर्षं वगैरे ऐकून ती गप्प होती, पण भाडेकरूंवर म्हणाली, "म्हणजे आपल्या जोशीकाकांसारखं." तिचंही बालपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं. काढा बंद झालाय. गुळवेल गॅलरीच्या ग्रिलवर पसरलीये, ती तोडू द्यायला मात्र तयार नाही. खिचडी रोज होतेय, तूप वाढतंय, वजनही.

पर्वतीताई, अचानक गेलेल्या माणसांबद्दल विचारलं. बाबांचे एक चुलतभाऊ शेतात पडून गेले होते, वय ३०च्या आत. सगळे सर्पदंश म्हणायचे, पण चावा कोणी पाहिला नव्हता. हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगणार आहे. तुम्ही लिहिलं नसतं तर सुचलंच नसतं.

पीएचडीताई, सीसीआर-२ वाल्यांना माझ्याकडून दोन शिव्या द्या.

काल इको झाला, ५२ टक्के. एक शेवटचा प्रश्न, मूर्खपणाचा असेल. घरी बसून बसून कंबर दुखते. मेडिकलवाल्याने ब्रुफेन दिलीय. सूज उतरवणारीच गोळी आहे, मग हृदयाच्या सूजेलाही बरीच असेल ना? अजून घेतलेली नाही.

स्लाइडवाली_काकू

घेतली नाहीत ते फार बरं केलंत. ब्रुफेनच्या जातीतल्या गोळ्यांनी विषाणूचा मायोकार्डायटिस झालेल्या उंदरांत दाह आणि मृत्यू वाढलेले आहेत, म्हणून नुसत्या मायोकार्डायटिसमध्ये डॉक्टर त्या टाळतात. हृदयाच्या बाहेरच्या आवरणाला सूज असली तर त्याच गोळ्या मुद्दाम देतात, म्हणून एकाचं प्रिस्क्रिप्शन दुसऱ्याने वापरायचं नाही. शिवाय तुमच्या दोन गोळ्यांतली एक रामिप्रिलच्या जातीची असेल तर ब्रुफेन बरोबर घेऊन किडनीवर ताण येतो. पॅरासिटामॉल चालेल का, एवढंच उद्या डॉक्टरांना फोन करून विचारा. तोवर कंबरेला गरम पाण्याची पिशवी. आणि ५२ आल्याचं असं मधेच लिहितात का? वर लिहायचं, पहिल्या ओळीत.